हँडल धरून मागून चालवायच्या लॉन मोअरची देखभाल: कामाच्या नोंदी

यंत्र: चार स्ट्रोकचं, उभ्या क्रँकशाफ्टचं १६० सीसीचं पेट्रोल इंजिन, ५३ सेंमीचं पातं, मागची चाकं पट्ट्यावर चालणारी. टाकीत पेट्रोल तसंच ठेवून बरेच महिने उभं होतं.

तक्रारी तीन. चोक लावल्याशिवाय चालू होत नाही, आणि चोक काढला की रेस आपोआप वर-खाली होत राहते. हँडल हाताला मुंग्या येतील इतकं थरथरतं. आणि गवत कापलं न जाता फाटतं, दोन दिवसांत शेंडे तपकिरी पडतात.

५ एप्रिल, सकाळ: आधी पेट्रोल

पाने-पक्कड हातात घेण्याआधी एक साधी चाचणी केली. इंजिन चालू असताना टाकीचं झाकण सैल केलं. झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं की टाकीत निर्वात होतो, पेट्रोल उतरत नाही आणि इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालून बंद पडतं. झाकण सैल केल्यावर फरक पडला नाही, म्हणजे दोष तिथे नव्हता.

इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं. मग टाकीतलं पेट्रोल नळीनं काचेच्या बरणीत काढून स्थिर ठेवलं. रंग गडद पिवळा, वास व्हार्निशचा. थोड्या वेळानं तळाशी वेगळा थर दिसला. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला दमटपणा ओढून घेतं. एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात. टाकीतून पेट्रोल निघतं ते तळातूनच, त्यामुळे कार्बोरेटरला पहिला घोट त्या पाण्याचाच मिळतो. अशा बहुतेक लहान इंजिनांना १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालतं, त्यामुळे पेट्रोल भरताना तेवढं पाहून घ्यावं.

टाकी ताज्या पेट्रोलनं विसळली, तळाची जाळी धुतली, फक्त पाव लिटर पेट्रोल भरलं. पाव लिटरच, कारण पुढे यंत्र आडवं करायचं आहे. चालू व्हायला थोडं सोपं झालं, पण रेसचा चढ-उतार तसाच राहिला. पाच मिनिटं चालवून बंद केलं. ऑइल कोमट झालं की पातळ होतं आणि तळातला गाळ सोबत घेऊन बाहेर येतं.

५ एप्रिल, दुपार: ऑइल

सगळ्यात आधी प्लगची वायर काढून बाजूला बांधली. नुसती काढून लोंबती ठेवली तर हलता हलता प्लगला पुन्हा टेकू शकते. पातं हातानं फिरवलं तरी क्रँक फिरतो, आणि गरम इंजिन तेवढ्यावरही चालू होऊ शकतं. म्हणून यंत्राखाली हात घालायचं कुठलंही काम असो, पहिली पायरी हीच.

उरलेलं पेट्रोल काढलं आणि यंत्र आडवं केलं. एअर फिल्टर आणि कार्बोरेटर वरच्या बाजूला येतील असंच आडवं करायचं. उलट्या कुशीवर टाकलं तर ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीच्या) वाटेनं एअर फिल्टरमध्ये शिरतं, सिलिंडरमध्येही झिरपतं. मग इंजिन चालू होत नाही, आणि झालंच तर पांढऱ्या-निळ्या धुराचे लोट निघतात. पुष्कळ लोक इथे फसतात आणि दोष नव्या ऑइलला देतात.

या इंजिनात ऑइल साधारण ५५० मिली मावतं. बाहेर आलं ते ४०० मिलीच्या आतच, म्हणजे इंजिन कमी ऑइलवर चालत होतं. रंग काळाकुट्ट होता, पण काळेपणा चिंतेचा नाही. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. उन्हात धरल्यावर धातूची चमक दिसली तर बेअरिंग किंवा कनेक्टिंग रॉड झिजतोय. इथे दोन्ही नव्हतं.

नवं ऑइल ऋतूप्रमाणे घ्यायचं. सतत उष्ण हवेत एसएई ३० चांगलं, सकाळी थंडी आणि दुपारी ऊन अशा हवेत १०डब्ल्यू-३०. उष्णतेत १०डब्ल्यू-३० वापरलं तर काही इंजिनं ऑइल जरा जास्त खातात, त्यामुळे पातळी वारंवार बघावी लागते.

आधी ४५० मिली ओतलं, यंत्र सपाट जागी ठेवून दोन-तीन मिनिटं थांबून मोजलं, मग चमचा-चमचा वाढवत वरच्या खुणेपर्यंत आणलं. मोजण्याची पद्धत इंजिनाप्रमाणे बदलते. काहींत डिपस्टिक नुसती टेकवून मोजतात, काहींत पूर्ण आटे फिरवून. पद्धत उलटी वापरली तर पातळी चुकते आणि ऑइल जास्त किंवा कमी पडतं. जास्त पडलेलं ऑइल कमी ऑइलइतकंच त्रास देतं. ते ब्रीदरमधून फेकलं जातं, फिल्टर तेलकट होतो, प्लग काळा पडतो.

या इंजिनांना बहुधा ऑइल फिल्टर नसतो. गाळ धरून ठेवणारं काहीच नाही, म्हणून ऑइल बदलण्याचा हिशेब गाडीपेक्षा कडक: नवं इंजिन असेल तर पहिल्या ५ तासांनी, पुढे दर ५० तासांनी किंवा हंगामातून एकदा, आणि धुळीत किंवा उंच गवतात काम असेल तर २५ तासांनी.

६ एप्रिल: एअर फिल्टर आणि प्लग

कागदी फिल्टरच्या खालच्या कोपऱ्यात तेलाचा डाग होता. यंत्र कधीतरी चुकीच्या कुशीवर आडवं केलेलं असणार. कागद एकदा तेलकट झाला की साफ होत नाही, बदलायचाच. फिल्टर कोरडा आणि नुसता धुळीचा असेल तर सपाट पृष्ठभागावर हलकेच आपटून, उजेडासमोर धरून बघावा. जोरदार हवेचा झोत मारला की कागदाला सूक्ष्म भोकं पडतात आणि धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. कागदावर ऑइल कधीच लावू नये. बाहेरचा फोम मात्र साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, इंजिन ऑइलचे काही थेंब टाकून पिळून बसवला. पुस्तिकेत फोमला ऑइल लावायला सांगितलं नसेल तर कोरडाच ठेवावा.

प्लगचं टोक काळं असेल असं वाटलं होतं, कारण यंत्र बराच वेळ चोकवर चालवलेलं होतं. पण कडेला काजळी आणि मधलं पोर्सिलेन पांढुरकं निघालं. काजळी चोकची. पांढुरकेपणाचा अर्थ, चोक काढल्यावर हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. रेस वर-खाली होणं हेही त्याचंच लक्षण. पेट्रोल कमी पडून वेग घसरतो, गव्हर्नर (वेग स्थिर ठेवणारी यंत्रणा) थ्रॉटल उघडतो, वेग वाढतो, गव्हर्नर पुन्हा थ्रॉटल मिटतो. गव्हर्नर आपलं काम चोख करतोय, दोष त्याचा नाही. त्याच्या स्प्रिंगा वाकवून किंवा स्क्रू पिळून रेस "सेट" करायला जाऊ नये. त्या स्प्रिंगवरच इंजिनाचा कमाल वेग ठरतो, आणि तो वाढला की पात्याचा वेगही धोक्याच्या पलीकडे जातो.

प्लगचं अंतर ०.९५ मिमी झालं होतं. नव्या प्लगला फीलर गेजनं ०.७६ मिमी ठेवलं. प्लग बसवताना सुरुवातीचे आटे बोटांनीच फिरवावेत, कारण सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि पान्यानं तिरका घातलेला प्लग आटे खाऊन टाकतो. वॉशर टेकल्यावर नवा प्लग पान्यानं अर्धा फेरा, जुनाच परत बसवत असाल तर एक अष्टमांश ते पाव फेरा. त्यापुढे जोर लावू नये.

आता चोक लावून इंजिन दुसऱ्या ओढीतच चालू होतं. चोक काढला की चढ-उतार मात्र कायम.

१२ एप्रिल: कार्बोरेटर

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि त्यातला बराचसा वाचवता आला असता.

आधी सोपा उपाय करून पाहिला. फिल्टर काढून कार्ब क्लीनरचा स्प्रे तोंडातून आत मारला. इंजिन काही मिनिटं सुरळीत चाललं आणि पुन्हा तेच. स्प्रे मुख्य नळीतून जातो. रेस कमी असताना ज्या बारीक वाटेनं पेट्रोल येतं, त्या पायलटच्या वाटेत तो पोचतच नाही. हा उपाय तात्पुरता आहे असं मानूनच करावा.

मग कार्बोरेटर उतरवला. त्याआधी गव्हर्नरच्या तारा आणि स्प्रिंगांचे दोन-तीन बाजूंनी फोटो घेतले. एकाच पट्टीवर तीन-चार भोकं असतात आणि स्प्रिंग कुठल्या भोकात होती हे नंतर आठवत नाही.

खालची वाटी एका १० मिमीच्या बोल्टवर धरलेली असते. काही कार्बोरेटरमध्ये हा बोल्टच मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा तुकडा, असतो, त्याला आडवं सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं. बोल्ट पुसून बाजूला ठेवण्याआधी ते बघून घ्यावं. वाटीच्या तळाशी पांढरा चुऱ्यासारखा थर, पितळेवर हिरवट डाग आणि चिकट जेलीसारखा गाळ निघाला.

मुख्य जेट काढताना स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेत घट्ट बसेल असंच घ्यावं. पितळ मऊ असतं, खाच एकदा मोडली की जेट निघत नाही. जेट उजेडात धरला तर छिद्र गोल आणि स्वच्छ होतं. त्याच्या वरच्या इमल्शन नळीची (पेट्रोलमध्ये हवा मिसळणारी नळी) चार बाजूंची भोकं अर्धी बुजलेली होती.

खरा दोष पायलट जेटमध्ये सापडला. कार्बोरेटरच्या वरच्या बाजूला, आयडलच्या स्क्रूखाली एक काळा प्लास्टिकचा तुकडा असतो, तो हलकेच उचकटून काढावा लागतो. त्याचं छिद्र केसाएवढं बारीक, आणि ते पूर्ण बंद होतं. इथे पोलादी तार घालायची नाही. छिद्र जरासं मोठं झालं तरी मिश्रण कायमचं बिघडतं. घासणीचा एक नायलॉनचा केस किंवा विजेच्या वायरमधली तांब्याची एकच तार पुरते. जेट क्लीनरमध्ये भिजवला, केस फिरवला, हवा मारली, उजेड आरपार दिसेपर्यंत हेच केलं. कार्बोरेटरच्या अंगातल्या वाटांमध्येही स्प्रे मारला आणि एका भोकातून मारलेला दुसऱ्यातून बाहेर येतो का हे प्रत्येक वाटेला पाहिलं. या वेळी डोळ्यांवर चष्मा हवाच, स्प्रे सरळ तोंडावर उलटतो.

रबरी भाग क्लीनरमध्ये टाकायचे नाहीत, ते फुगतात. इथे वाटीची रबरी रिंग आधीच जुन्या पेट्रोलनं फुगून खाचेत बसेना. ताणून-दाबून बसवण्यापेक्षा नवी घातली.

परत बसवताना गॅस्केट आणि मधला जाड प्लास्टिकचा ठोकळा यांची भोकं कार्बोरेटरच्या भोकांशी जुळवून बघावीत. गॅस्केट उलटं बसलं तर हवेची एखादी वाट बंद होते किंवा फटीतून जास्तीची हवा ओढली जाते, आणि रेसचा तोच चढ-उतार परत येतो. इतकी सफाई करूनही दोष गेला नाही तर संशय गॅस्केटवर घ्यावा.

पेट्रोल सुरू करताच वाटीच्या वरून गळायला लागलं. फ्लोटच्या (वाटीतल्या तरंगत्या गोळ्याच्या) सुईच्या बैठकीवर गाळाचा एक कण राहिला होता, त्यामुळे सुई बंद होत नव्हती. वाटी उघडून कापसाच्या काडीनं बैठक पुसली, गळती थांबली. फ्लोट तपासला: कार्बोरेटर उलटा धरल्यावर तो वाटीच्या कडेशी समांतर राहायला हवा, आणि हलवल्यावर आत पेट्रोलचा आवाज यायला नको.

चालू केलं. चोक काढल्यावर रेस एका जागी स्थिर राहिली.

१३ एप्रिल: डेक आणि पातं

प्लगची वायर काढली, यंत्र पुन्हा त्याच कुशीवर. डेकच्या, म्हणजे पात्यावरच्या लोखंडी आवरणाच्या, आत वाळलेल्या गवताचा दोन सेंमी जाडीचा थर होता. पातं नुसतं कापत नाही, त्याच्या मागच्या उचललेल्या कडा पंख्यासारखी हवा ओढून गवत उभं करतात. आत थर साचला की ती हवा फिरत नाही, गवत आडवंच राहतं आणि पिशवी अर्धीही भरत नाही. थर लाकडी पट्टीनं खरवडला. लोखंडी पट्टीनं रंग निघतो, आणि ओल्या गवताखाली उघडं लोखंड लगेच गंजतं. पाण्याचा जोरदार फवारा शाफ्टच्या सीलवर मारायचा नाही.

पातं काढण्याआधी खालच्या बाजूला रंगाची खूण केली. उलटं बसवलेलं पातं फिरतं, आवाजही नेहमीचाच येतो, फक्त कापत नाही. पातं आणि डेकच्या मध्ये लाकडी ठोकळा अडकवून बोल्ट सोडला. हातात जाड मोजे.

धार लावायला घेण्याआधी पात्याला वायर ब्रश मारला, आणि ते बरं झालं. उचललेली कड जिथे सपाट भागाला मिळते, तिथे गंजाखाली वाळूनं घासून झालेली चीर दिसली, नखात अडकेल एवढी. शिवाय एका टोकाच्या धारेला निळसर पट्टा होता. पूर्वी ग्राइंडरवर धार लावताना ते जास्त तापलं होतं, पोलादाचं पाणी उतरलं होतं. असं टोक लवकर बोथट होतं. पण निर्णय चिरेवर झाला. ५३ सेंमीचं पातं मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरलं तर टोकाचा वेग सेकंदाला ८३ मीटर, म्हणजे ताशी ३०० किमीच्या आसपास. त्या वेगानं तुटलेला तुकडा डेकबाहेर गेला तर काय होईल हे सांगायला नको. चीर दिसली की पातं बाद. वेल्डिंग करायचं नाही.

यंत्रासोबत दुसरं पातं होतं, बोथट पण निर्दोष. ते पकडीत आवळून मोठ्या कानशीनं धार लावली. मूळचा ३० अंशांचा कोन ठेवायचा, फक्त वरच्या उताराला घासायचं, खालची बाजू सपाटच. वस्तऱ्यासारखी धार करू नये, ती पहिल्याच खड्यावर दुमडते. टोकाला अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर जाडी राहू द्यावी.

मग तोल. मधल्या भोकातून भिंतीतल्या खिळ्यावर पातं आडवं लटकवलं, जड टोक खाली गेलं. दोन्ही बाजूंना सारखंच घासलं तरी असं होतं, कारण झीज सारखी नसते. जड टोकाचीच धार त्याच कोनात थोडी आणखी घासून पुन्हा लटकवलं, पातं आडवं थांबेपर्यंत. ही पायरी अनेकजण सोडतात, म्हणून आकडा देतो. मध्यापासून २५ सेंमीवर फक्त १० ग्रॅमचा फरक असेल, तर ३,००० फेऱ्यांना तो शाफ्टला जवळजवळ २५ किलोच्या वजनाएवढा हिसका देतो, सेकंदाला ५० वेळा, दर वेळी नव्या दिशेनं.

बसवताना वाकवलेल्या वॉशरची पोकळ बाजू पात्याकडे. बोल्ट टॉर्क पान्यानं ५५ न्यूटन-मीटरला आवळला. हा आकडा या यंत्राचा आहे, आपल्या पुस्तिकेतला पाहून घ्यावा. बोल्टचे आटे ताणलेले दिसले तर तोही नवा.

थरथर बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही. शाफ्ट वाकलाय का पाहायला डेकच्या कडेवर एक खूण घेतली, पात्याचं एक टोक तिथे आणून खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजलं, मग अर्धा फेरा देऊन दुसरं टोक त्याच खुणेशी आणलं. फरक एक मिमी. तीन मिमीच्या वर असता तर पातं तरी वाकलेलं, नाहीतर शाफ्ट. शाफ्ट वाकला असेल तर इंजिन उघडावं लागतं, ठोकून सरळ करायच्या भानगडीत पडू नये. उरलेली थरथर इंजिन डेकला धरणाऱ्या बोल्टांची होती, एक बोल्ट हातानं फिरत होता. काढून, आटे पुसून, आटे-पक्के करायचा द्राव लावून आवळला. आता हँडल शांत.

१९ एप्रिल: ब्रेक, केबल, चाकं

हँडलचा दांडा सोडल्यावर पातं तीन सेकंदांच्या आत थांबायला हवं. घड्याळ लावून आवाज ऐकला, पाच सेकंद लागत होते. दांडा सुटला की केबल ढिली पडते आणि स्प्रिंग फ्लायव्हीलवर ब्रेक दाबते. इथे ब्रेकचं अस्तर चांगलं होतं. केबलची आतली तार गंजल्यामुळे रेंगाळत मागे येत होती. केबल उभी टांगून वरून पातळ तेलाचे थेंब सोडले, तार खाली-वर केली, तेल खालून बाहेर आलं. आता दोन सेकंद. तेल ब्रेकच्या बाजूला ओघळलं तर अस्तर घसरतं, म्हणून केबल जोडण्याआधी टोक कोरडं पुसलं. हीच केबल फार सैल असेल तर उलट तक्रार येते: ब्रेक पूर्ण सुटत नाही, ठिणगीचा स्विच अर्थ झालेलाच राहतो, आणि इंजिन चालू न होण्याचं कारण लोक प्लगमध्ये शोधत बसतात.

उंचीच्या खाचा चारही चाकांना एकाच आकड्यावर होत्या, तरी कापणी तिरकी येत होती. सपाट फरशीवर पात्याच्या टोकाची उंची मोजल्यावर कळलं की पुढच्या उजव्या चाकाची पट्टी वाकली आहे. ती सरळ केली. पात्याचं पुढचं टोक मागच्यापेक्षा तीन ते सहा मिमी खाली असावं, म्हणजे कापलेलं गवत मागच्या फेऱ्यात पुन्हा कापलं जात नाही आणि इंजिनावर ताण कमी येतो.

पट्ट्याला भेगा नव्हत्या. मागची चाकं काढून आतली लहान गिअरं रॉकेलनं धुतली. डावं-उजवं गिअर वेगवेगळं असतं, अदलाबदल झाली तर चाक चुकीच्या दिशेनं अडकतं. ग्रीसचा अगदी पातळ हात, जास्त ग्रीसला गवत चिकटतं.

२६ एप्रिल: पहिल्या कापणीनंतर

तासभर कापणी करून इंजिन थंड झाल्यावर पात्याचा बोल्ट टॉर्क पान्यानं पुन्हा तपासला, हलला नाही. ऑइल खुणेवर. इंजिनाचे बोल्ट घट्ट. गवताचे शेंडे सरळ कापले गेलेत.

वाल्व्हचं अंतर थंड इंजिनावर, कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात पिस्टन वरच्या टोकाला आणून मोजलं. या इंजिनाला इनटेक ०.१५ आणि एक्झॉस्ट ०.२० मिमी. दोन्ही मर्यादेत निघाली, हात लावला नाही.

पेट्रोल एका वेळी महिन्याभरात संपेल एवढंच आणायचं ठरवलंय. त्यापेक्षा जास्त दिवस यंत्र उभं राहणार असेल तर टाकी रिकामी करून, पेट्रोलची कळ बंद करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे कार्बोरेटरची वाटीही रिकामी होते. पेट्रोल टिकवायचं औषध घालायचं असेल तर ते ताज्या पेट्रोलमध्ये घालून दहा मिनिटं इंजिन चालवावं. जुन्या पेट्रोलमध्ये घालून उपयोग नाही.

बाकी काम: मागच्या डाव्या चाकाचा बुश झिजलाय, चाक हातानं हलवलं की अर्धा सेंमी डगमगतं. बुश मागवलाय. तो येईपर्यंत उतारावर या यंत्रानं कापणी बंद.